बाबा, दहा सह्या लागतात

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर तुम्ही पहिलं वाक्य ऐकलं की "बरं ठेव, गाईंना पाणी पाजायचंय" म्हणता, म्हणून लिहितेय. आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि जे आवडणार नाही ते मधेच गाळू नका, तुम्ही गाळलं की तिला बरोबर कळतं.

तर मी २०२९ ला शिरूर लोकसभेला उभी राहायचं ठरवलंय. अपक्ष.

आता दोघं जरा पाणी प्या.

बाबा तुम्ही म्हणणार, लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या. पण मी भाकऱ्याच भाजते की, रोज दोन टाइमाला एकशे तीस पोरांच्या, आणि त्यावरच आमचं घर चाललंय. मेस सुरू केली तेव्हा तुम्हीच म्हणालेला की पाटलाची पोर लोकांची खरकटी काढणार का, आणि आता गावात कुणाचंही पोरगं भोसरीला निघालं की तुम्हीच त्याला माझा नंबर देता. त्यामुळे तुमच्या पहिल्या नकाराचं मी फार मनावर घेत नाही, रागावू नका.

तुम्हाला माझी मेस म्हणजे भात-भाजी-आमटी एवढंच दिसतं, पण मला रोज काय दिसतं सांगू का. निम्म्याहून जास्त पोरं जुन्नर, आंबेगाव, खेडची, बाकी बीड, लातूर, हिंगोलीकडची. रात्रपाळीवरून येतात, डोळे लाल, ताटावर बसल्या बसल्या गावाकडे व्हिडिओ कॉल, म्हशीला काय झालं, मोटर चालू झाली का, आज्जीच्या गोळ्या आणल्या का. एक पोरगा आहे, गावाकडे चार एकर बागायत, विहिरीला पाणी, आणि इथे चाकणला कंत्राटी कामावर बारा-बारा तास उभा. म्हणलं का रे बाबा, तर म्हणतो ताई, लग्न जमेपर्यंत, शेती करतो म्हणलं की मुलीकडचे चहा पण अर्धा ठेवून उठतात. मी हसले. मग रात्री झोप लागेना, कारण आई, शेतकरी नको कंपनीतला बघा हे तूच म्हणालेलीस माझ्यावेळी. मी तुला दोष देत नाहीये. तू जे भोगलं ते मला नको एवढंच तुझं म्हणणं होतं, पण प्रत्येक घरातल्या आईने तेच म्हणलं आणि आता गावात संध्याकाळी पारावर बसायला पन्नाशीच्या आतलं माणूस नाही. शाळेत अकरा पोरं उरलीत. मुक्कामाची एसटी तर बंदच झाली. रविवारी मी मासवडी-रस्सा करते तेव्हा आपल्या भागातली पोरं पहिला घास घेऊन गप्प होतात, ते मला बघवत नाही खरंच.

आणि गंमत बघा, शिरूर मतदारसंघात जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी, शिरूर हे तर आहेतच पण भोसरी आणि हडपसरसुद्धा आहेत. म्हणजे गावात राहिलेला बाप आणि कंपनीच्या गेटवर उभा असलेला पोरगा एकाच खासदाराला मत देणार, घर एकच, नुसतं मधे साठ-सत्तर किलोमीटर नाशिक रोड आणि ट्रॅफिक. पण प्रचाराला येणारे इथे पाण्याचं बोलतात, तिकडे बैलगाडा शर्यतीचं बोलतात. दोन्हीकडे एकच कुटुंब बसलंय हे कुणी बोलतच नाही. (मधेच फेररचना झाली आणि मतदारसंघच बदलला तर माझा हा सगळा हिशोब बोंबलला, ते तेव्हा बघू.)

आता तुमचा दुसरा प्रश्न, आधी सरपंच हो, मग पंचायत समिती, डायरेक्ट दिल्ली कशाला. ह्याचं उत्तर देताना मला एक गोष्ट कबूल करायचीये.

डिसेंबर २०२३ आठवा. ८ तारखेपासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याच आठवड्यात मला मोशीच्या मार्केटला कांदा इतका स्वस्त मिळाला की मी चार पिशव्या जादा घेतल्या, ह्यांना म्हणलं चला, महिनाभर टेन्शन नाही. आणि त्याच रात्री तुमचा फोन, बराखीतला शेवटचा राखून ठेवलेला कांदा तुम्ही ओतूरला नेला होता. मी विचारलं दहा किलोला काय मिळाले, तर तुम्ही नुसतं "उतरला" म्हणालात. तुम्ही आकडा सांगत नाही तेव्हा फार वाईट असतं हे मला लहानपणापासून माहितीये. मी फोन धरून स्वयंपाकघरात उभी होते आणि समोर त्या चार पिशव्या. कुणाच्या होत्या कुणास ठाऊक, आपल्याच शेजारच्या गावातल्या कुणाच्या असतील. तुम्हाला आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

ती बंदी आपला सरपंच उठवू शकत नव्हता, आमदार पण नाही. निर्यात हा दिल्लीचा विषय, तिकडे रात्रीत एक कागद निघतो आणि सकाळी ओतूर-मंचर-नारायणगावला पिशव्या तशाच पडतात. उठवली कधी, ४ मे २०२४ ला, ती पण ४० टक्के ड्यूटी लावून, आणि आपलं मतदान होतं १३ मेला, आता तुम्ही काय समजायचं ते समजा. ती ड्यूटी पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शहरातला माणूस कांदा महाग झाला की ओरडतो आणि त्याचं ओरडणं लगेच ऐकू जातं, मी पण ओरडणाऱ्यांतलीच आहे बाबा, २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेला तेव्हा मी मेसमधे पाटी लावलेली की टोमॅटो मागू नये. म्हणूनच मला वाटतं की हे मी बोलू शकते, मी दोन्ही बाजूला उभी आहे.

बिबट्याचं पण तसंच. तुम्ही रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाता कारण लाइट रात्रीची असते, आणि आई तुम्ही परत येईपर्यंत जागी. रात्रीची लाइट हा राज्याचा विषय, ते मला माहितीये, त्यात खासदार फक्त भांडू शकतो. पण बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या यादीत आहे आणि कायदा केंद्राचा. पकडायचा, हलवायचा, नसबंदी करायची, सगळ्याला वरची परवानगी.

आणि आईच्या बचत गटाचं राहिलंच. केंद्राची ती छोट्या अन्नप्रक्रियेची योजना, ३५ टक्के अनुदान, कागदावर किती छान. तुम्ही बायका टोमॅटो प्युरीचं युनिट टाकणार होता, मी इथे घ्यायला तयार होते, शेजारच्या दोन मेसवाल्यांना पण सांगितलेलं. बँकेने आधी फाइल ठेवून घेतली, मग तारण मागितलं, मग साहेब बदलून गेले. आई चार वेळा एसटीने जाऊन आली आणि आता तो विषयच काढत नाही. मी अजून प्युरीचे डबे दुकानातून आणते, आणि नारायणगावला भाव पडला की टोमॅटो रस्त्याच्या कडेला. खासदाराला वर्षाला ५ कोटी निधी मिळतो, सहा विधानसभांत वाटला की त्यातून सभामंडप आणि हायमास्ट दिवेच होतात, दिव्याखाली बसायला माणूस नको का पण.

पैशाचं स्पष्ट लिहिते. डिपॉझिट २५ हजार, ते मेसच्या गल्ल्यातून. खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे, एवढे पैसे मी आयुष्यात बघितले नाहीत त्यामुळे मर्यादा ओलांडायची भीती नाही. आईचं सोनं, विहिरीखालचा तुकडा, कशालाही हात लावणार नाही. डिपॉझिट बहुतेक जाईल हेही आत्ताच सांगते. मतदार २५ लाखांच्या वर, निम्म्यांनी जरी मतदान केलं तरी नुसतं डिपॉझिट वाचवायला दोन लाखांवर मतं लागतात. २०२४ ला सांगलीत विशाल पाटील अपक्ष निवडून आले हे तुम्ही सांगाल, पण ते वसंतदादांचे नातू, आणि मी तुमची मुलगी. चिन्हाचं पण बघायचंय, गेल्यावेळी तुतारी-पिपाणी ह्या मिळत्याजुळत्या चिन्हांचा जो घोळ झाला तो बघून मला तर प्रेशर कुकर मिळाला तर बरं वाटतं, तो बायकांना समजावून सांगावा लागत नाही.

तुमचे जावई काय म्हणाले विचाराल. म्हणाले बॅनरवर माहेरचं आडनाव टाकणार का सासरचं. बस, एवढंच. म्हणजे तयार आहेत.

आता खरं काम. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करणारा, पुरतो, अपक्षाला दहा लागतात, दहाही याच मतदारसंघातले मतदार. भोसरीत मला दहा काय पन्नास मिळतील, पण मला अर्धी नावं गावातली हवीत आणि पहिली सही तुमची. आणि दुसरी तात्यांची.

वाचायचं थांबू नका बाबा. ग्रामपंचायतीला तुम्ही चार मतांनी पडलात आणि ती चार मतं तात्यांच्या घरातली होती असं तुम्ही गेली सोळा वर्षं म्हणताय, असतीलही. पण तात्यांची दोन्ही पोरं माझ्याकडे जेवतात, थोरल्याचं मेसचं बिल तीन महिने थकलं होतं तेव्हा मी एका शब्दाने बोलले नाही आणि तात्यांना ते कुठून तरी कळलं, गेल्या महिन्यात त्यांनी पोराच्या हातून शेंगदाण्याचं पोतं पाठवलं. चिठ्ठी नाही, काही नाही. तुमचा जो बांधाचा वाद आहे तो तसाच ठेवा हवं तर, सही वेगळी आणि बांध वेगळा.

मी पुढच्या रविवारी येतेय, सकाळची गाडी मिळाली तर अकरापर्यंत. त्याच्या आधी तुम्ही एकदा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा. विषय मी काढते आल्यावर, तुम्ही नुसतं बसून या. चष्म्याची काडी तुटलीये म्हणालेला, तो बरोबर द्या, इथे बसवून आणते. आई, हुलग्याचं पीठ संपलंय.

तुमची,
ताई

ता. क. आई, बाबांनी तात्यांचा भाग वाचला नसेल तर त्यांच्या हातातून पत्र घे आणि तुझ्या नातीकडून परत वाचून घे.