सिस्टर, त्या 'तो'साठी थँक यू

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, पण डेंग्यूच्या सीझनमध्ये तुमच्या नाइट ड्युटीला कोपऱ्यातल्या बेडवर जो पोरगा होता आणि ज्याच्या आधार कार्डावर मुलीचं नाव होतं तो मी, एवढ्यावरून ओळखालच.

ॲडमिट होताना काउंटरवर माझं जुनं नाव मोठ्याने पुकारलं, मी उठलो तर सगळे बघायला लागले, एकजण तर माझ्यासमोरच हसत 'ही का हा?' विचारत होता आणि अंगात ताप एवढा की भांडायची ताकदच नव्हती. मग तुम्ही आलात, सलाईन लावता लावता हळूच विचारलंत, 'हाक काय मारू?' मी नाव सांगितलं आणि लगेच तुमचं सुरू, 'काही खाल्लंस का रे?' त्या 'रे'ने मला किती धीर आला ते तुम्हाला कळलंही नसेल.

आम्ही कोल्हापूरचे, आमच्याकडे पोरीसुद्धा 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्यामुळे मी स्वतःबद्दल कसं बोलतो ते घरात कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्रास व्हायचा तो दुसरे माझ्याबद्दल बोलायला लागले की. समोरासमोर 'तुम्ही आलात, तुम्ही जेवलात' म्हणून निभावता येतं (खात्री नसेल तर खरंच तेवढं केलं तरी पुष्कळ), पण माणसाची पाठ वळली की मराठीत तो नाहीतर ती आलंच, मग झोपला की झोपली, बरा की बरी, सगळीकडे तेच.

म्हणून तुमचं सकाळचं हँडओव्हर मी विसरत नाही. तुम्हाला वाटलं मी झोपलोय. दुसऱ्या सिस्टर 'तिला' म्हणाल्या, तुम्ही फक्त 'त्याला' म्हणालात आणि पुढे प्लेटलेटचं सांगायला लागलात. त्या म्हणाल्या केसपेपरवर तर फिमेल आहे, तर तुम्ही म्हणालात, 'ते कागदावर, बोलताना तो.' बास, विषय संपला.

2014 ला सुप्रीम कोर्टाने नालसाच्या, म्हणजे ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांवरच्या निकालात आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क मान्य केलाय हे मला पाठ होतं, जिल्हाधिकाऱ्यांच्या ट्रान्सजेंडर ओळखीच्या सर्टिफिकेटसाठी सरकारी पोर्टलवर अर्जही केलेला, पण ते हातात यायच्या आधी तुम्ही नुसत्या माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात.

आणि आई. तिला वाटायचं हे पुण्याला जाऊन डोक्यात भरलेलं खूळ आहे, मी समजावून थकलो होतो. पण तिच्याच वयाची सिस्टर 'त्याला पेज द्या, त्याचं पाणी कमी पडतंय' म्हणतेय म्हटल्यावर ती ऐकत राहिली, आणि डिस्चार्जच्या दिवशी मामाला फोनवर म्हणाली, 'बरा आहे आता तो.' अजून चुकते कधीकधी, पण आपली आपण सुधारते.

तिला तुम्हाला भेटायचंय, घरचं भडंग घेऊन यायचं म्हणतेय. सध्या ड्युटी कुठली आहे तेवढं कळवा.

तुमचा,
कोपऱ्यातल्या बेडवरचा पेशंट