बारा लाखांच्या आत, तरी ३९ हजार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रीमंतांवरचा कर कमी केल्याने देशाचे भलेच होते, अशा आशयाचा कालच्या अंकातला लेख वाचला. रात्री पुन्हा वाचला आणि सकाळी लिहायला बसले.

लेखकांनी बारा लाखांपर्यंत शून्य कराचा दाखला तीनदा दिला आहे. सामान्यांना मिळाले ना, मग वरच्यांना मिळाले तर तुमचे काय जाते, असा एकूण सूर. माझा भाचा ऐरोलीला नोकरी करतो. त्याला या सवलतीचा चांगला फायदा झाला, हे मी नाकारत नाही. पण बारा लाखांच्या आत कर नाही हे वाक्य कृपया सरसकट छापू नका.

मी निवृत्त शिक्षिका. यजमानांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दिवाळीनंतर म्युच्युअल फंडाची युनिट्स विकली. २००९ पासून पगारातून महिन्याला दोन हजार टाकत आले होते, त्यातली ही. पेन्शन आणि ठेवींचे व्याज मिळून वजावटीनंतर पावणेपाच लाख, युनिट्सवरचा नफा सव्वाचार लाख. बेरीज नऊ लाख, म्हणून मी निर्धास्त होते. परवा सीएंकडे गेले तर ते म्हणाले, पेन्शन आणि व्याजावर रिबेट (लागलेला कर माफ करणारी सवलत) मिळेल, युनिट्सच्या नफ्यावर मिळणार नाही. सव्वा लाख सोडून उरलेल्या तीन लाखांवर साडेबारा टक्के, वर चार टक्के उपकर. एकूण ३९,००० रुपये. मी दोनदा विचारले, त्यांनी दोनदा तेच सांगितले. फिजिओथेरपीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात जाणार.

मग मी विचारले, शंभर कोटींचा नफा कमावणाऱ्याला किती? दर तोच, साडेबारा. अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, लागतो, पण या नफ्यावर तो कराच्या १५ टक्क्यांच्या वर जात नाही. सातवीला मी वर्षानुवर्षे शेकडेवारी शिकवली आहे. परतताना रिक्षातच हिशेब केला: उपकर धरून माझा दर १३ टक्के, त्याचा १४.९५.

लेखात नसलेली दुसरी गोष्ट. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत पाच कोटींच्या वर उत्पन्न असणाऱ्यांचा अधिभार ३७ टक्क्यांवरून २५ वर आणला. सर्वोच्च दर ४२.७४ टक्क्यांवरून ३९ वर आला. तो ३७ टक्के अधिभार याच अर्थमंत्र्यांनी जुलै २०१९ मध्ये लावला होता. चार वर्षांत काय बदलले? वर्षाला दहा कोटी कमावणाऱ्याचे यात सुमारे ३७ लाख वाचतात. एवढी रक्कम मी अख्ख्या नोकरीत शिल्लक टाकू शकले नाही. आमच्या घरी मात्र त्या दिवशी सात लाखांपर्यंत कर नाही, या नव्या मर्यादेचीच चर्चा झाली, कारण सगळीकडे तेच सांगितले जात होते. त्याआधी २०१५ मध्ये संपत्ती कर गेला, १९८५ मध्ये इस्टेट ड्युटी (मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर) गेली. वरच्यांचे एकेक ओझे असे उतरत गेले आहे, आणि लेखक म्हणतात अजून उतरवा.

श्रीमंतांच्या हातात पैसा राहिला की ते गुंतवतात, असे त्यांचे म्हणणे. मीही गुंतवलाच होता की. महिन्याला दोन हजार, एकही महिना न चुकवता.

लेखासोबतचा करदरांचा तक्ता मी भिंग घेऊन वाचला, इतकी अक्षरे बारीक होती. त्यात अधिभाराची ओळ नव्हती आणि युनिट्स-शेअर्सच्या नफ्याचीही नव्हती. ज्येष्ठ वाचक आपल्याकडे पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी या दोन ओळी ठळक अक्षरांत छापा. ऑपरेशन वर्षभर आधीपासून ठरलेले होते. मला हे वेळेवर कळले असते, तर निम्मी युनिट्स आदल्या मार्चमध्येच विकली असती, सव्वा लाखाची सूट दोन्ही वर्षी मिळाली असती आणि सुमारे १६ हजार रुपये वाचले असते.

– एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे