टिबियालिस पोस्टीरियर, पुन्हा एकदा

प्रिय दोस्ता,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी, पाठ जुनीच.

नव्या शिकाऊंसाठी पायाच्या ईएमजीचं, म्हणजे सुई घालून स्नायूतली वीज तपासण्याचं, टिपण लिहितोय आणि एकाच स्नायूवर अडलोय. कुठला ते तुला सांगायला नको.

बाकीचे झरझर झाले. टिबियालिस अँटीरियर नडगीच्या धारेपासून बोटभर बाहेर, वरच्या तिसऱ्या भागात आणि उथळ. पेरोनियस लाँगस फिब्युलाच्या, म्हणजे नडगीच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या, डोक्याखाली तीन बोटं. त्याहून वर सरकू नये, हाडाच्या मानेला वळसा घालून कॉमन पेरोनियल नर्व्ह, म्हणजे पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस, जाते. गॅस्ट्रोक्नेमियसचा आतला भाग गुडघ्यामागच्या घडीखाली पंजाभर अंतरावर. पोटरीची मधली रेघ मात्र टाळायची.

आणि मग आपला टिबियालिस पोस्टीरियर, नडगीमागे खोल बसलेला. पाऊल लुळं पडलंय, वर उचलत नाही, तर दोष पेरोनियल नर्व्हचा की कमरेच्या मणक्यातून निघणाऱ्या एल-५ या नसेच्या मुळाचा? हा स्नायू पोटरीतून जाणाऱ्या टिबियल नर्व्हचा आणि मुख्यतः एल-५चा, म्हणून त्यात बिघाड दिसला तर केवळ पेरोनियल नर्व्हला दोष देता येत नाही. एवढं ऐकलं की पोरं लांब सुई घेऊन धावतात. माझी धास्ती तीच.

मी आतल्या बाजूची वाट लिहिली आहे. पोटरीच्या मध्यावर, नडगीच्या आतल्या कडेच्या लगेच मागे. तिथून मोठी सॅफेनस शीर जाते, ती आधी बघायची, बोटाने चाचपायची. पाय सैल. सुई हाडाच्या मागच्या पृष्ठाला जवळजवळ घासत पुढे न्यायची. टिबियल नर्व्ह आणि पोस्टीरियर टिबियल धमनी पाठीमागे आहेत. सुईचं टोक हाडापासून मागे भरकटलं की गाठ त्यांच्याशी. तळव्यात झिणझिणी गेली तर सुई लगेच मागे. दिशा बदलायची तर आधी त्वचेखालपर्यंत ओढून घ्यायची. खोलात टोक फिरवणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

खरी फसगत वेगळीच. वाटेत टाच उचलणारा सोलियस लागतो, मग बोटं मुडपणारा फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस. सुई सोलियसमध्येच राहिली आणि तिथे फिब्रिलेशन, म्हणजे नस तुटलेल्या स्नायूची आपोआपची फडफड, दिसलं, तर सोलियसच्या एस-१ मुळाचा दोष एल-५च्या नावावर लागतो! म्हणून पाऊल आत वळवायला सांगायचं, बोटं सैल ठेवून. बोटं मुडपल्यावर यंत्राचा आवाज भरला तर आपण फ्लेक्सरमध्ये आहोत. टाच उचलायला लावल्यावर भरला तर बहुधा सोलियसमध्ये. आणि जोर हळू लावायला सांगायचा. खोल गेलेली सुई जोरात आवळलेल्या स्नायूत वाकते.

आता तुझी वाट. पुढून, टिबियालिस अँटीरियरमधून, हाडांमधला पडदा भेदून. मी तिला चोरवाट म्हणालो होतो आणि मोठे सर हसले म्हणून तू दोन दिवस बोलला नव्हतास. अर्धी माघार घेतो: वरच्या तिसऱ्या भागात ती चांगली आहे, कारण तिथे नडगी आणि अँटीरियर टिबियल धमनी यांच्यात जागा जास्त असते. खाली उतरावं तशी ती आक्रसते, आणि धमनी व डीप पेरोनियल नर्व्ह त्या पडद्याच्या पुढ्यातच असतात. म्हणून अल्ट्रासाउंडवर धमनी दिसल्याशिवाय नाही. उरलेली अर्धी माघार तू घे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर? ईएमजीसाठी त्या परस्पर बंद करायच्या नाहीत, गोळ्या थांबवल्याने येणाऱ्या पक्षाघाताचा धोका सुईमुळे स्नायूत रक्त साकळण्याहून मोठा. आधी उथळ स्नायू, बारीक सुई, काढल्यावर दोन-तीन मिनिटं दाबून धरायचं, मग पुढचा. खोल स्नायूत रक्त साकळलं तर वरून दाबता येत नाही आणि दिसतही नाही. ईएमजीनंतर पायात कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा कोंडणं, झाल्याची नोंद आहे. अशा वेळी मी फ्लेक्सर डिजिटोरमवरच थांबायला लिहिलंय. तोही टिबियल नर्व्हचा, त्यातही एल-५ आहे, आणि नडगीच्या कडेमागे बराच उथळ मिळतो. खरं तर बहुतेकांना तेवढ्यावर उत्तर मिळतं, पण तो स्नायू कुणाला रुबाबदार वाटत नाही.

वहिनींना नमस्कार. धाकटीचा निकाल काय लागला ते कळव, आणि ती चहा सोडल्याची थाप असेल तर आत्ताच कबूल कर.

तुझ्या पुढच्या वाटेवर चार ओळी लिहून पाठव. टिपणात तशाच घालतो. फक्त ‘सोपं आहे’ लिहू नकोस, ते मी खोडणार.

तुझाच