तुझ्या ड्रुइडच्या डेकबद्दल

कोल्हापूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातल्या तुझ्या डेकची, म्हणजे गठ्ठ्याची, यादी मिळाली. डिव्होटेड ड्रुइड आणि विझियर ऑफ रेमेडीज ही जोडी छान निवडलीस. ड्रुइड टॅप केला, म्हणजे आडवा केला, की एक हिरवा माना (कार्डं खेळायला लागणारी शक्ती), आणि त्याच्यावर -१/-१ काउंटर (ताकद आणि जीव एकेकाने कमी करणारी खूण) ठेवला की तो अनटॅप, म्हणजे पुन्हा उभा. विझियर त्यातला एक काउंटर वजा करतो, म्हणजे काहीच ठेवलं जात नाही आणि हा फेरा हवा तितका फिरतो. पण जिंकून देणारी कार्डं तू सहा घातलीस आणि जोडी शोधून आणणारी चारच. हे उलटं हवं.

विझियरला पर्याय म्हणून घातलेल्या दोन्ही सोलेम्निटी काढ. सोलेम्निटी असताना काउंटर ठेवताच येत नाही, म्हणजे अनटॅपची किंमतच चुकती होत नाही आणि ड्रुइड उठत नाही. विझियरचं तसं नाही, तो किंमत भरू देतो.

माझ्या मते लँड (माना देणारी कार्डं) २२. बर्ड्स ऑफ पॅराडाइज ४, नोबल हायरार्क ४. ड्रुइड ४, विझियर ४. डस्कवॉच रिक्रूटर २, डाव संपवणारा वॉकिंग बॅलिस्टा १. तीन मानापर्यंतचे इतर क्रीचर (ड्रुइडसारखी लढणारी पात्रं) ८. क्रीचर शोधून आणणारी कार्डं: कलेक्टेड कंपनी ४, कॉर्ड ऑफ कॉलिंग ४, फिनाले ऑफ डेव्हेस्टेशन ३. झाले ६०. बॅलिस्टा सोडून कंपनीच्या कामाचे २६ क्रीचर होतात, म्हणजे ती गठ्ठ्यातली वरची सहा कार्डं बघते त्यांत सरासरी २.६. पहिल्या सात कार्डांत ड्रुइड दिसायची शक्यता मात्र जेमतेम ४० टक्के, म्हणून शोधणारी कार्डं कमी करू नकोस.

आता मुख्य गोष्ट. ड्रुइड आला त्या टर्नला मानासाठी टॅप होत नाही, त्याला एक फेरी जगवावं लागतं. आधी ड्रुइड, पुढच्या टर्नला विझियर. खासबागेत पैलवान समोरच्याच्या हातावर नजर ठेवतो, तशी तू समोरच्याच्या मोकळ्या (टॅप न केलेल्या) लँडवर ठेव. विझियर स्टॅकवर (खेळला, पण अजून उतरला नाही) असताना ड्रुइडवर लाइटनिंग बोल्ट (मारणारं कार्ड) आला तर काही करता येत नाही. एकदा विझियर उतरला की पहिली संधी तुझी. त्यानंतर बोल्ट आला तरी तो स्टॅकवर असताना त्याच्या वरच फेरा चालू ठेव. ड्रुइड मेला तरी जमलेला माना फेज (टर्नचा टप्पा) संपेपर्यंत राहतो, म्हणून हे मेन फेजमध्येच कर. आणि ‘अनंत’ म्हणू नकोस, आकडा सांग: दहा हजार वेळा.

कंपनी शक्यतो समोरच्याच्या टर्नच्या शेवटी टाक. दोघेही सापडले तर तुझ्या टर्नला ड्रुइड लगेच तयार. कॉर्डची किंमत भरायला नुकतेच आलेले क्रीचरही टॅप करता येतात. तुझ्या टर्नला विझियर आणताना ड्रुइडलाही टॅप कर; विझियर आला की तो फेऱ्यात पुन्हा उठतोच.

कॉर्डने बॅलिस्टा कधीही आणू नकोस. काउंटरशिवाय येतो, ०/० (ताकद आणि जीव शून्य) असतो, लगेच मरतो. तो हातातूनच खेळ: एक्स (तू ठरवशील तो आकडा) २० धरलास तर ४० माना लागतात, सगळा हिरवा चालतो. हातात नसेल तर रिक्रूटर तीन-तीन मानाला वरची तीन-तीन कार्डं बघत तो शोधून देतो. फिनालेने आणायचा तर एक्स १० किंवा जास्त हवा. तेवढ्यात +एक्स/+एक्स मिळून तो जगतो, मग चार-चार मानाला एकेक +१/+१ काउंटर चढव आणि तो काढून मार.

साइडबोर्डच्या (दोन डावांमध्ये बदलायच्या राखीव) १५ कार्डांत दोन-तीन रिक्लेमेशन सेज ठेव. समोरच्याची ग्राफडिगर्स केज आली की कॉर्ड, कंपनी, फिनाले तिन्ही बंद, आणि कर्स्ड टोटेम आला की ड्रुइडच मुका होतो. सेजचं अशी कार्डं मोडायचं काम उतरताक्षणी आपोआप होतं, त्याला टोटेम अडवत नाही. मात्र केज असताना त्या तिन्ही कार्डांनी सेज आणता येत नाही, हातातच यावा लागतो. म्हणून एकावर भागत नाही.

महागडी कार्डं आत्ताच घेऊ नकोस. राजारामपुरीत ६३ बाय ८८ मिलिमीटरचे प्रिंट काढून ठेवतो, जुन्या कार्डांवर लावून स्लीव्हमध्ये घालू. हे घरच्या सरावापुरतं, स्पर्धेत चालत नाहीत. फॉइल (चकचकीत) कार्डं तर नकोच. इथल्या पावसाळी हवेत ती वाकतात, आणि वाकलेलं कार्ड गठ्ठ्यात ओळखू येतं.

गणपतीला येशील तोवर एकटीच वीस डाव मांड. प्रत्येक डावात ड्रुइड कितव्या टर्नला आला आणि विझियर कितव्या, एवढंच लिहून आण. त्यावरून लँड २२ ठेवायची की २१, ते ठरवू.

तुझा,
बाबा