पुढची पानं बाबांनी वाचायची

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रोज संध्याकाळी फोन होतो आणि तरी पत्र लिहितेय म्हणून आई घाबरशील, तर आधीच सांगते, इकडे सगळं ठीक आहे. बाबांशी जे बोलायचंय ते फोनवर होतच नाही. बाबा फोन उचलतात, "बरं आहे ना? जेवली का? थांब, आईला देतो" एवढं बोलतात आणि फोन आईच्या हातात. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही हे आईला वाचून दाखवा, मोठ्याने, आणि मधलं काही गाळू नका.

आई, दिवाळीत घरी आले होते तेव्हा शोकेसच्या खालच्या कप्प्यात तुझं भिंग दिसलं, जुन्या ब्लाउजपीसच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं, आणि त्याच्याखाली वाचनालयाचं पुस्तक. तारीख उलटून दोन महिने झालेले. डॉक्टर म्हणाले होते की डोळ्याच्या पडद्याचं दुखणं आहे, चालता-फिरता येईल पण बारीक अक्षर आता दिसणार नाही, आणि तू घरी येऊन नुसतं "चालायचंच" म्हणालीस. मला तेव्हा कळलंच नव्हतं की ज्या बाईने चाळीस वर्षं दुपारची भांडी झाली की पुस्तक उघडलं तिच्यासाठी "चालायचंच" हा केवढा मोठा शब्द आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुण्याला परत आल्यावर फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली ती त्यामुळे. रोज साडेसात ते सव्वाआठ. त्याला आता आठ महिने झाले.

सुरुवातीला मी सगळं माझ्या मनाने ठरवलं होतं. आईला ऐतिहासिक आवडणार, आईच्या वयाच्या सगळ्या बायकांना आवडतं, म्हणून माधवराव पेशव्यांवरचं 'स्वामी' काढलं. तू ऐकत होतीस, हुंकार देत होतीस, आणि चौथ्या दिवशी म्हणालीस, हे माझं तीनदा वाचून झालंय, थेऊरला काय होतं ते मला पाठ आहे, तू दमू नको. मला जरा वाईट वाटलं. पण मग तूच म्हणालीस की पहिल्यांदा वाचलं तेव्हा तू रमाबाईच्याच वयाची होतीस आणि तेव्हा माधवराव गेल्याचं रडू आलं होतं, आता रमाबाई सती जाते त्याचा राग येतो. पुस्तक तेच, 1962 सालचं, आणि रडूचा राग झाला. हे मी कुठल्याच परीक्षणात वाचलं नव्हतं.

मग मी 'पानिपत' काढलं आणि तेव्हापासून फोन स्पीकरवर जायला लागला. बाबा, मला माहितीये तुम्ही पलीकडच्या खोलीत खुर्ची सरकवून बसता, तिचा एक पाय वाजतो तो मला फोनवर ऐकू येतो. 14 जानेवारी 1761 ला काय झालं हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. तरी ते शेवटचे दिवस वाचताना, सैन्याला खायला नाही, जनावरं मरतायत, यात्रेकरू बायकापोरं सोबत आहेत, तुम्ही मधेच बोललात, "अरे पण वाट होती ना अजून." आठ महिन्यांत तुम्ही मधे बोललेलं ते पहिलं वाक्य. शेवट माहीत असून माणूस आशा सोडत नाही, आणि मला वाटतं ऐतिहासिक कादंबरी आपण त्यासाठीच वाचतो, की या खेपेला तरी वाट सापडेल.

आणि याच्या अगदी उलट ती तुमची पुस्तकं, बाबा. त्याबद्दल मला खरं बोलायचंय, म्हणून हा सगळा खटाटोप.

मी पुण्याला कॉलेजला गेले त्या वर्षी हॉस्टेलवर कुणीतरी 'कोसला' दिलं. एका रात्रीत वाचलं. गावाकडून पुण्याला शिकायला आलेलं पोर, खोली, मेस, मित्र, परीक्षा आणि हातात शेवटी काहीच नाही, मला वाटलं हे माझ्यावरच लिहिलंय, मी मुलगी आहे आणि पुस्तक 1963 चं आहे तरी. त्याची बहीण मनी देवीच्या रोगाने जाते ते प्रकरण वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आणि त्या नशेत मी सुट्टीला घरी आले आणि तुमच्या लोखंडी ट्रंकेतली रहस्यकथांची पुस्तकं बघून म्हणाले, बाबा ही काय रद्दी भरून ठेवलीय. गुरुनाथ नाईक, बाबुराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर, सगळ्यांना मिळून एकच शब्द. तुम्ही काहीच बोलला नाहीत, कपड्याची घडी घालत होतात ती घालत राहिलात. पुढच्या सुट्टीत आले तर ट्रंकेत गहू होते.

मी कधी विचारलं नाही पुस्तकं कुठे गेली. तुम्ही सांगितलं नाही. वीस वर्षं होतील आता.

मार्चमध्ये जुन्या पुस्तकांच्या एका गाडीवर मला गुरुनाथ नाईकांचं एक पुस्तक मिळालं, मुखपृष्ठ फाटलेलं, पानं पिवळी, वीस रुपयाला. बसमध्ये उघडलं आणि माझा स्टॉप गेला. खरंच गेला, दोन स्टॉप पुढे उतरून चालत आले. पहिल्याच पानावर माणूस अडचणीत आहे, दुसऱ्या पानावर ती अडचण वाढते, एक शब्द फालतू नाही, आणि मला सारखं वाटत होतं की हा खोटं बोलतोय, नाही नाही तो दुसरा खोटं बोलतोय. 'कोसला' वाचताना मी स्वतःकडे बघत होते आणि हे वाचताना मी लेखकाशी पैज लावून बसले होते. दोन्हीत मेंदू जागाच असतो, जागा राहण्याची तऱ्हा वेगळी. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, नाईकांनीही हजाराच्या वर, आणि झुंजार, काळा पहाड, कॅप्टन दीप ही त्यांच्या नायकांची नावं ज्या घरात दुसरं एक पुस्तक नव्हतं त्या घरात पोचली. हे साधं काम नाही. मला ते एकोणिसाव्या वर्षी दिसलं नाही.

आणि मला तुमच्या कंडक्टरकीतल्या मुक्कामी गाड्या आठवल्या. रात्री नऊला गाडी कुठल्यातरी आडगावात पोचायची, पॅसेंजर उतरून गेले की तुम्ही आणि ड्रायव्हरकाका, डबा खायचा, कॅश मोजायची, वेबिल लिहायचं, आणि मग गाडीतच सीटवर आडवं व्हायचं सकाळच्या पहिल्या फेरीपर्यंत. त्यात ते पॉकेटबुक. मी लहान असताना एकदा तुमच्याबरोबर आले होते, तुम्ही टॉर्च काखेत धरून वाचत होतात आणि बाहेर नुसते रातकिडे. खूण म्हणून पानात तिकीट घालायचात, पंच मारलेलं, न्यूजप्रिंटसारख्या त्या कागदाचं. दिवसभर गर्दीत "मागं सरका, मागं सरका" ओरडणाऱ्या माणसाला रात्री एक तास असं काहीतरी लागत होतं ज्यात पुढं काय होणार ते माहीत नाही, कारण बाकी सगळं, थांबा, वेळ, भाडं, सगळं त्याला पाठ होतं. त्याला मी रद्दी म्हणाले. बाबा, माझं चुकलं. हे मला पत्रातच लिहायचं होतं कारण फोनवर तुम्ही "अगं सोड" म्हणून फोन आईला दिला असता.

आता आईचं. आई, तुझ्या बाबतीत तर माझे सगळेच अंदाज चुकले. धारपांची भयकथा वाचायला घेतली तर तू म्हणालीस ही दिवसा वाच, रात्री मला मागच्या अंगणात जावं लागतं. 'शाळा' वाचताना तू इतकी हसलीस की बाबा विचारायला आले काय झालं. पण शास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' ला जे झालं ते मी विसरणार नाही. मला वाटलं होतं विज्ञान कादंबरी तुला कंटाळवाणी वाटेल. खोदकामात जमिनीखालून जुन्या, आपल्यापेक्षा पुढे गेलेल्या संस्कृतीची ठेव सापडते, तिच्यातल्या माहितीवरून यंत्रमानव बनवतात आणि त्याचं नाव वामन ठेवतात, एवढं वाचलं आणि तू मला थांबवलंस. म्हणालीस, "नाव वामन ठेवलं ना, मग यानं पहिलं पाऊल कुठं ठेवलं ते बघा, तिसऱ्या पावलाला बघून काय उपयोग." मी ऑफिसात जी माणसं दिवसभर एआय एआय करतात त्यांच्यात बसते आई, एकाने इतकं नेमकं बोललेलं मी ऐकलं नाही.

मग तुला नारळीकरांचा तो किस्सा सांगितला होता, 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नाव बदलून, नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून, अक्षर ओळखू नये म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. तू म्हणालीस, एवढा मोठा माणूस, पण नाव बघून मार्क नकोत म्हणाला. 2025 च्या मे मध्ये ते गेले तेव्हा बातमी ऐकून फोन तूच केला होतास मला, "आपले नारळीकर गेले." आपले. त्यांचं एक पान वाचायच्या आधीपासून ते तुझे होते.

आता मुद्द्याचं. गेले तीन आठवडे आपण 'धग' वाचतोय आणि ते माझ्याच्याने पुढे जात नाहीये. उद्धव शेळक्यांचं 1960 चं पुस्तक, आपल्याच भागातलं, आणि मी ते इतकी वर्षं वाचलं नव्हतं, कॉलेजमधल्या चर्चेत तर त्याचं नावच निघायचं नाही. कौतिक राबते राबते आणि नवरा काही करत नाही आणि तरी ती घर धरून ठेवते. मी वाचायला लागले आणि पहिल्याच संवादाला आई तू म्हणालीस, "थांब व. हे त माह्या मायवानीच बोलते." आणि मग तू गप्प. मी किती वेळ हॅलो हॅलो करत राहिले.

त्यानंतर रोज तू माझे शब्द दुरुस्त करतेस. मी अकोल्यात वाढले पण शाळेत "शुद्ध बोला" ऐकून ऐकून माझ्या तोंडातून वऱ्हाडी गेली, आता मी ती वाचते तर नाटकातल्यासारखी येते. कौतिक रागावते तिथे माझ्या आवाजात राग येत नाही, ती लाडात येते तिथे माझं नुसतं वाचन होतं. परवा तू स्पष्टच बोललीस, "तुह्या तोंडात नाही बसत ते." मला वाईट नाही वाटलं. खरंच आहे ते. आणि तू असंही म्हणालीस की आता दोन दिवस पुढचं नको, जड जातं. तेही बरोबर आहे, काही पुस्तकं रोजची रोज नाही ऐकवत.

म्हणून बाबा, 'धग' पुढे तुम्ही वाचायचं. मी आईला हे बोलले तेव्हा तुम्ही मागून म्हणालात, "मला कुठं येतं तसं मोठ्यानं वाचता." बाबा, तीस वर्षं तुम्ही बोरगाव मंजू, काटेपूर्णा, मूर्तिजापूर असं भरल्या गाडीत शेवटच्या सीटवरच्या म्हातारीला ऐकू जाईल असं ओरडलात आणि त्यात कधी आवाज चिरका झाला नाही. वऱ्हाडी तुमच्या तोंडात आहे. तुमची आई, तुमचे पॅसेंजर, सगळे त्या पुस्तकात आहेत. आईला माझ्या आवाजात पुस्तक ऐकू येतं, तुमच्या आवाजात तिला तिची माय ऐकू येईल. अॅपवर ऑडिओबुक लावून देता आलं असतं, बरीच मराठी पुस्तकं आहेत आता तिथे, आणि आईला मी ते शिकवेनच, पण त्या आवाजाला मधेच थांबवून "माह्या मायवानी" म्हणता येत नाही ना.

चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या, पुढं ढकलू नका. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नाही, दुपारी खिडकीशी बसून वाचा, उजेड डाव्या बाजूने येईल असं. आईला डोळ्यांचे थेंब घातल्यावर पंधरा मिनिटं तिला तशीही डोळे मिटून पडायचं असतं, तेव्हापासून सुरू केलं तरी चालेल. एक प्रकरण झालं की थांबा, ती नको म्हणाली तर नको.

पार्सल आजच टाकलंय. त्यात 'धग' आहे, आपण जिथे थांबलो त्या पानात खूण घातलीय. तिकीट मिळालं नाही, आता मशीनची गुळगुळीत पावती येते, तीच घातलीय. आणि बाबा, सोबत ते नाईकांचं वीस रुपयाचं पुस्तक आहे. मी शेवटची दहा पानं मुद्दाम वाचली नाहीत. माझा संशय कुणावर आहे ते नाव शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक लिहिलंय, ते आधी बघू नका. तुम्ही तुमचं नाव ठरवा, आईला पण विचारा, आणि रविवारी फोन आला की आईला द्यायच्या आधी मला सांगा.

तुमची,
पिंकी

ता. क. : आई, वाचनालयाचं ते पुस्तक मी परत केलं होतं, दंड भरला, आणि कार्ड बंद नाही केलं. बाबांच्या नावावर करून घेतलंय.