स्टेडियममधले गवत खेळामुळे मरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्यावसायिक फुटबॉलच्या स्टेडियममधील नैसर्गिक गवत काढून त्या जागी कृत्रिम हिरवळ अंथरावी, असे सुचवणारे लेखन अलीकडे वरचेवर वाचनात येते. कृत्रिम हिरवळीवर दिवसाचे कितीही तास खेळता येते, पावसात चिखल होत नाही, पाणी आणि देखभाल यांचा खर्च वाचतो, हे त्यातले नेहमीचे मुद्दे. मी अनेक वर्षे हौशी संघातून दोन्ही प्रकारच्या मैदानांवर खेळलो आहे आणि सरावाच्या मैदानांपुरते हे मुद्दे मला पटतातही. ज्या एकाच मैदानावर सकाळी शाळेची मुले, दुपारी कुमार संघ आणि रात्री दिव्यांच्या उजेडात नोकरदार मंडळी खेळतात, तेथे कोणतेही गवत तग धरणार नाही. मात्र तेच कारण व्यावसायिक संघाच्या मुख्य स्टेडियमला जसेच्या तसे लावले जाते, तेव्हा त्यात हिशेबाची मोठी चूक होते असे मला वाटते.

वीस संघांच्या लीगमध्ये प्रत्येक संघ घरच्या मैदानावर एका हंगामात १९ सामने खेळतो. चषक स्पर्धांचे सामने धरले तरी ही संख्या तीसच्या आसपास थांबते, म्हणजे वर्षभरात मिळून सुमारे ४५ तासांचा प्रत्यक्ष खेळ. संघाचा रोजचा सराव तर स्वतंत्र मैदानांवर चालतो. ‘कितीही तास खेळता येते’ हा कृत्रिम हिरवळीचा सर्वांत मोठा गुण खरा असला, तरी ज्या जागेला इतक्या तासांची गरजच नाही, तेथे तो गुण विकत घेण्यात काय अर्थ आहे?

मग मोठ्या स्टेडियममधले गवत वारंवार का पिवळे पडते, असा प्रश्न साहजिकच येतो. त्याचे उत्तर खेळात कमी आणि इमारतीत अधिक सापडते. प्रेक्षागृहे उंच होत गेली, त्यांवर छपरे आली, आणि मैदानाच्या काही भागावर महिनोन्‌महिने थेट ऊन पडेनासे झाले; वारा कोंडल्यामुळे ओल सुकत नाही आणि बुरशी धरते. त्यातच हंगामाच्या मध्यावर संगीताचे कार्यक्रम होतात, मंच उभारले जातात, गवतावर दिवसेंदिवस फळ्या अंथरलेल्या राहतात. कृत्रिम हिरवळीचा जन्मच मुळी अशा चुकीतून झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील ह्यूस्टनचे ॲस्ट्रोडोम १९६५ मध्ये उघडले, तेव्हा छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उन्हाने बेसबॉल खेळाडूंचे डोळे दिपू लागले. म्हणून तावदाने रंगवली गेली, प्रकाश अडला, आणि आतले गवत मेले. उरलेला हंगाम मेलेल्या गवताला हिरवा रंग देऊन काढावा लागला आणि १९६६ मध्ये तेथे कृत्रिम हिरवळ आली, जी पुढे ॲस्ट्रोटर्फ या नावाने जगभर ओळखली गेली. गवत तेथेही खेळाडूंच्या बुटांखाली मेले नव्हते.

दोष इमारतीत असेल, तर उपायही तेथेच शोधायला हवा, आणि तो शोधणारी माणसे आहेत. जर्मनीतील गेल्झेनकिर्शेन येथे २००१ मध्ये उघडलेल्या शाल्के संघाच्या स्टेडियमचे संपूर्ण मैदान उन्हासाठी इमारतीबाहेर सरकवता येते. लंडनमधील टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियममध्ये गवताचे मैदान तीन भागांत प्रेक्षागृहाखाली सरकते आणि त्याखालच्या कृत्रिम पृष्ठभागावर अमेरिकन फुटबॉलचे सामने होतात; म्हणजे दोन्ही पृष्ठभाग हाताशी असताना फुटबॉलसाठी त्यांनी गवत राखले. इतका खर्च प्रत्येक क्लबला परवडणार नाही, हे मान्य. पण सावलीतल्या भागावर रात्रभर फिरवायचे वाढीचे दिवे आज युरोपातील अनेक क्लब वापरतात. आणि सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे तो संकरित हिरवळीचा. त्यात कृत्रिम धागे साधारण दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर सुमारे २० सेंटिमीटर खोल जमिनीत टोचले जातात, गवताची मुळे त्यांना वेढून धरतात आणि मैदान सहजी उखडत नाही. वर दिसणारे आणि पायाखाली येणारे जवळजवळ सगळे गवत खरेच असते. वेम्बली स्टेडियम २००७ मध्ये नव्याने उघडल्यावर तेथील हिरवळ पुन्हापुन्हा बदलावी लागली होती, त्यावर टीकाही खूप झाली. २०१० मध्ये त्यांनी हाच संकरित मार्ग स्वीकारला.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. इंग्लंडने कृत्रिम मैदानांचा प्रयोग ऐंशीच्या दशकात करून पाहिला आहे. क्वीन्स पार्क रेंजर्सने १९८१ मध्ये, ल्युटन टाउनने १९८५ मध्ये आणि ओल्डहॅम व प्रेस्टन यांनी १९८६ मध्ये अशी मैदाने घातली. चेंडू टप्पा पडताच डोक्यावरून जाई आणि पाहुण्या संघांना त्याचा अंदाज येईपर्यंत सामना हातातून निसटलेला असे. अखेर ही मैदाने एकामागून एक काढली गेली. शेवटचे, प्रेस्टनचे, १९९४ मध्ये गेले. आजची तिसऱ्या पिढीची हिरवळ त्या गालिच्यांहून फार सुधारलेली आहे, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. तिचे धागे लांब आणि मऊ असतात, त्यांच्या मुळाशी वाळू आणि वर रबराचे दाणे असतात, आणि खेळाच्या नियमांनीही २००४ पासून तिला मान्यता दिलेली आहे. तरीही ज्याने तिच्यावर घसरत जाऊन चेंडू काढला आहे, त्याला मांडीवरची सालटी निघणे म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. मी स्वतः काही काळानंतर अशा मैदानावर घसरणे सोडूनच दिले. शरीराने घेतलेला हा धडा खेळ बदलून टाकतो: बचावपटू उभ्यानेच अडवू पाहतो, चेंडू कोरड्या पृष्ठभागावर अडखळतो किंवा ओल्यावर सटकतो, आणि गवतावर शिकलेली पासची लय चुकत राहते.

दुखापतींविषयीचे संशोधन एकमुखी नाही, आणि आपल्या बाजूचे तेवढेच निष्कर्ष उचलणे मला योग्य वाटत नाही. फुटबॉलमधील काही अभ्यासांत दोन्ही पृष्ठभागांवर एकूण दुखापतींत मोठा फरक आढळलेला नाही, तर काहींत कृत्रिम हिरवळीवर त्या कमीच दिसल्या आहेत. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील २०१२ ते २०१६ या हंगामांच्या अभ्यासात मात्र कृत्रिम पृष्ठभागावर पायाच्या दुखापतींचे प्रमाण सुमारे १६ टक्के अधिक निघाले. बुटाच्या तळव्याची खुंटी (स्टड) गवतात अडकली तर मातीचे ढेकूळ सुटते, कृत्रिम धाग्यांत अडकली तर सगळा पीळ घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. उष्णतेबाबत मतभेदाला जागा नाही. गवत पानांतून पाणी सोडून स्वतःला थंड ठेवते, प्लास्टिकला ते जमत नाही, आणि कडक उन्हात कृत्रिम पृष्ठभागाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्यावर पाणी मारले तर थोडा वेळ दिलासा मिळतो. पण पाणी वाचवण्यासाठी घातलेल्या मैदानावर पाणी मारण्याची वेळ यावी, ही गोष्ट खर्चाच्या हिशेबात धरली गेली पाहिजे.

याहून मला बोलका वाटतो तो खेळ चालवणाऱ्यांचा स्वतःचा वागणुकीचा इतिहास. अमेरिकेतील १९९४ च्या विश्वचषकात पाँटियाकच्या बंदिस्त स्टेडियममध्ये बाहेर वाढवलेले गवत षटकोनी तुकड्यांत आणून बसवले गेले. मॉस्कोच्या लुझ्निकी स्टेडियममध्ये कृत्रिम हिरवळ होती आणि इंग्लंडने ऑक्टोबर २००७ मध्ये तेथे पात्रता सामना गमावला. पण २००८ मध्ये चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना त्याच स्टेडियममध्ये आला, तेव्हा खास त्यासाठी नैसर्गिक गवत अंथरले गेले. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्येही १७ वर्षांखालील मुलांच्या २०१७ च्या विश्वचषकाआधी कृत्रिम हिरवळ काढून गवत लावावे लागले. २०२६ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या १६ स्टेडियमपैकी आठ ठिकाणी एरवी कृत्रिम पृष्ठभाग असतो. तेथेही गवताची अट आहेच. अपवाद केला गेला तो महिलांच्या बाबतीत. कॅनडातील २०१५ चा महिला विश्वचषक संपूर्णपणे कृत्रिम हिरवळीवर खेळवला गेला. त्याविरुद्ध अमेरिकेची ॲबी वॉम्बाक, ब्राझीलची मार्ता यांच्यासह अनेक नामवंत खेळाडूंनी २०१४ मध्ये ओंटारिओच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती, आणि निर्णय न होताच ती तक्रार जानेवारी २०१५ मध्ये मागे घ्यावी लागली. पुरुषांच्या विश्वचषकात जो पृष्ठभाग कधी दिला गेला नाही तो महिलांना दिला गेला, आणि खेळणाऱ्यांचे म्हणणे ऐकूनही घेतले गेले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगने २०२५-२६ च्या हंगामापासून कृत्रिम मैदाने बंद केली आहेत. स्कॉटलंडच्या सर्वोच्च लीगमधील क्लबांनीही २०२६-२७ पासून ती नकोत असे २०२४ मध्ये मतदानाने ठरवले. नॉर्वेच्या बोडो/ग्लिम्टसारख्या, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे खेळणाऱ्या क्लबाची गोष्ट निराळी. तेथे हिवाळ्यात सूर्यच जेमतेम दिसतो, त्यामुळे त्यांच्या निर्णयाला मी नावे ठेवणार नाही. पण ज्यांच्याकडे ऊन आहे, त्यांनी त्यांचे उदाहरण पुढे करू नये.

कृत्रिम हिरवळ एकदा घातली की प्रश्न मिटला, असेही नाही. तिला नियमित ब्रश फिरवावा लागतो, दाणे पुन्हा भरावे लागतात आणि साधारण आठ-दहा वर्षांनी ती सगळीच्या सगळी उचलून टाकावी लागते. हा वाळू-रबर-प्लास्टिकचा ढीग कोठे जाणार, याचे उत्तर खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी विचारते. बुटांतून आणि पावसाच्या पाण्यातून बाहेर जाणारे रबराचे दाणे सूक्ष्म प्लास्टिकच्या प्रदूषणात भर घालतात, म्हणून युरोपीय संघाने २०२३ च्या नियमाने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली असून आठ वर्षांची मुदत संपताच, २०३१ मध्ये, ती लागू होईल.

माझी क्लबांना आणि स्टेडियमच्या मालकांना एवढीच विनंती आहे की गवत उखडण्याचा ठराव मांडण्यापूर्वी त्यांनी तीन गोष्टी जाहीर कराव्यात: मैदानावर वर्षभरात प्रत्यक्ष किती तास खेळ झाला, खेळाव्यतिरिक्त किती दिवस ते झाकलेले होते, आणि त्याच्या कोणत्या भागाला कोणत्या महिन्यात किती तास ऊन मिळते. आणि ज्या बैठकीत हा निर्णय होईल, तेथे संघाचा कर्णधार, महिला संघाची कर्णधार आणि मैदान राखणारा प्रमुख माळी या तिघांना बोलवावे, आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे.

आपला नम्र,
एक फुटबॉलप्रेमी वाचक