पगारातून ईएसआय कापला जातो, पण घरच्यांची नावे कार्डावर आहेत का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सातपूरच्या एका कारखान्यात मी एकोणतीस वर्षे टाइम ऑफिसात होतो. हजेरी, पगारपत्रक आणि ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, फॉर्म ही माझी कामे. निवृत्त झालो तरी वसाहतीतली पोरे अजून कागद घेऊन घरी येतात.

गेल्या पावसाळ्यात गल्लीतला एक मुलगा आला. तो सीएनसी मशीनवर काम करतो. आईला बीपी आणि शुगर, दोन्ही. दर महिन्याला पगारातून ईएसआय कापला जातो, तरी आईच्या गोळ्या तो मेडिकलमधून विकत आणत होता, कारण ईएसआयच्या दवाखान्यात आईचे नाव निघाले नाही. दवाखान्याचे यात काही चुकले नव्हते. मुलाने नोकरीला लागताना आईला नॉमिनी केले होते आणि तेवढ्याने तिला औषधे मिळतील असे धरून चालला होता. नॉमिनी वेगळा, कुटुंबाचा तपशील वेगळा. तो रकाना कोराच होता. पुढे लग्न झाले, मुलगी झाली, तरी कोराच राहिला. त्यात मधे ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराने जुना विमा क्रमांक न विचारता दुसराच काढला. खरे तर कामगाराचा क्रमांक एकच असतो, नोकरी बदलली तरी तोच पुढे चालवायचा. नवा काढला की जुन्या क्रमांकावर भरलेली माहिती त्यात येत नाही.

दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के यात जातात. त्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तपासणी आणि औषधे मिळतात. रोजच्या गोळ्यांवर ज्यांचा पगार संपतो, त्यांच्यासाठी हा फार मोठा आधार आहे. पती किंवा पत्नी, अल्पवयीन मुले, शिकत असतील तर 21 वर्षांपर्यंतची मुले, अविवाहित मुलगी आणि उत्पन्नाच्या अटीत बसणारे आश्रित आईवडील हे सगळे कुटुंबात येतात. सामाजिक सुरक्षा संहिता या केंद्राच्या कायद्याने तर स्त्री कामगाराच्या आश्रित सासू-सासऱ्यांनाही त्यात घेतले आहे. पण ज्याचे नाव नोंदलेले नाही, त्याला खिडकीवर कोण ओळखणार?

नाव घालायला कामगार जातो कधी? घरात कोणी आजारी पडल्यावर. आणि नेमके तेव्हाच कागद अडतात. बायकोच्या आधारवर माहेरचे नाव, कार्डावर सासरचे. आईच्या आधारवर नुसते जन्मवर्ष, दुसऱ्या कागदावर वेगळेच. बाळाचा जन्मदाखला अजून गावच्या ग्रामपंचायतीत पडलेला. ताप अंगात असताना माणसाने आधार केंद्राच्या रांगेत उभे राहायचे का? लग्नाचा दाखला हातात आला, बाळाचा दाखला मिळाला, की त्याच आठवड्यात कंपनीच्या ऑफिसात जाऊन नाव घालून घ्यावे. आईवडील गावी राहत असतील तर तेही सांगावे, म्हणजे त्यांना तिकडचा दवाखाना जोडून मिळू शकतो. मुलीचे लग्न झाले, घरातले माणूस गेले, तर ते नाव कमी करणेही आपलेच काम आहे. हे सांगताना मला वाईट वाटते, पण ते टाळू नये.

मालकांना आणि एचआरमधल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. नव्या माणसाला फॉर्मवर सही करायला लावण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा: जुना नंबर आहे का, आणि घरी कोण कोण आहे? ईएसआयच्या वर्गणीचा सहामाही काळ एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. त्या दोन महिन्यांच्या पगाराबरोबर प्रत्येकाला त्याच्या कुटुंबाच्या माहितीची छापील प्रत द्या आणि वाचून सही घ्या. आमच्या कारखान्यात आम्ही हे करत होतो. दीडशे माणसांना दोन दिवस लागत. ठेकेदाराच्या कामगारांना यातून वगळू नका, सर्वात जास्त कोरे रकाने त्यांचेच असतात.

त्या मुलाच्या आईचे नाव आता लागले आहे. पण दोन क्रमांक एक करून घ्यायला त्याला चार दिवसांची रजा टाकावी लागली, तीही बिनपगारी.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर, नाशिक